शंभर डोक्यांची मंडळी

राजन उजागरेला देवानं काही कमी केलं नव्हतं. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायची पक्की नोकरी, तिथंच वॉर्डात नर्स असलेली पद्मजासारखी खमकी बायको, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी पण वर्गात पहिली येणारी नीरजा, आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज. फक्त ती शेवटची रांग तेवढी देव द्यायला विसरला होता. राजनच्या पुढ्यात रांगा दोनच, आणि दुसऱ्या रांगेत बसायचे ते झोपायला बसायचे.

कुवेत शहरातल्या चर्चच्या आवारात दर शुक्रवारी निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या उपासनेला भरतात. शुक्रवारच का, तर सुट्टी शुक्रवारची. रविवारी जो तो कामावर. मल्याळी मंडळीला खालचं मोठं सभागृह, तमिळ-तेलुगूंना त्याच्या शेजारची, फिलिपिनोंना पलीकडचं, आणि आपल्या मराठी मंडळीला सगळ्यात वरची, गच्चीला लागून असलेली माडीवरची खोली. भिंतीपलीकडे एसीची भलीमोठी यंत्रं धडधडायची. उपदेशात राजन जरा कुठं रंगात आला की तिकडं एखादा पंखा खडखडायला लागायचा. येणारी माणसं बारा-पंधरा. त्यांत निम्म्या नर्सा, रात्रपाळी करून थेट आलेल्या. बसायला पुरतील इतक्या खुर्च्या आणि झोपेला पुरेल इतका उपदेश, असा तो कारभार. पगारी पाळक, म्हणजे पाद्री, परवडत नव्हता, म्हणून उपदेशही राजनच करायचा आणि पुढारपणही राजनच करायचा. आंधळ्यांत काणा राजा म्हणतात तसलं ते राज्य, आणि राजाला त्याची मनापासून लाज वाटायची.

जिना उतरताना खाली मल्याळ्यांची गर्दी लागे. बायकांच्या साड्या, पुरुषांचे कडक इस्त्रीचे शर्ट, पार्किंगमध्ये गाड्यांची ही रांग. राजन त्या गर्दीतून अंग चोरून वाट काढायचा. कुणीतरी विचारायचं, "आपकी मंडली कितनी बड़ी है, ब्रदर?" तो म्हणायचा, "बढ़ रही है." हे वाक्य तो नऊ-दहा वर्षं म्हणत होता.

आता या माडीवरच्या खोलीत एक माणूस होता, त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. जगन्नाथ साळवे. सगळ्यांचे जगूकाका. जालन्याकडचे. अम्गराला बांधकामाच्या मालाचं एक यार्ड आहे, तिथं आधी फोर्कलिफ्ट चालवायचे. गुडघे गेल्यावर मालकानं फाटकावर खुर्ची टाकून दिली. शुक्रवारी दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी यायचे आणि खुर्च्या मांडायचे. गाताना सगळ्यांच्या एक ओळ पुढं आणि सुराच्या एक पट्टी मागं. आणि प्रार्थना! बाबा रे बाबा. जगूकाका प्रार्थनेला उभे राहिले की चहा गार झालाच म्हणून समजा. कारण ते प्रार्थना करायचे नावं घेऊन. खोलीतल्या एकेका माणसाचं नाव, त्याच्या पोराबाळांची नावं, त्याची दुखणी, त्याच्या भानगडी, सगळं देवापुढं आणि ओघानं मंडळीपुढं. "प्रभू, राजनचं बीपी वाढलंय. पद्मजा त्याला लोणचं देत न्हाई अन् हा कँटीनमधी चोरून खातो. त्याला बुद्धी दे." पद्मजानं प्रार्थना चालू असतानाच एक डोळा उघडून नवऱ्याकडे पाहिलं होतं. तिकडं देवानं ऐकलं की नाही कोण जाणे, लोणचं मात्र बंद झालं.

माणसं चिडायची, हसायची, आणि पुढच्या शुक्रवारी परत यायची. खुद्द राजन मंडळीत आला तो काकांमुळेच. कुवेतमध्ये नवा होता, चौघांत एक खोली, आणि अंगावर कांजिण्या उठल्या. बाकीचे तिघे गाद्या उचलून पळाले. दुसऱ्या दिवशी दारात एक अनोळखी काळा माणूस, हातात पेजेचा डबा. "नगरचा हायस म्हणं? मी जालन्याचा. सलाम." एवढीच ओळख, आणि एवढाच तो ख्रिस्ती सलाम. पोरगा उठून बसेपर्यंत तो माणूस येत राहिला. मंडळीत ये, असं एकदाही म्हणाला नाही. राजन आपल्या पायानं माडी चढून आला. माडीवरची निम्मी माणसं अशीच आलेली होती, कुणी पेजेवर, कुणी बाळंतपणात, कुणी नोकरी सुटल्यावर.

त्या खोलीची एक रीत होती. कुवेत म्हणजे कुणाचंच कायमचं घर नव्हे. आज ना उद्या बॅग भरायचीच. तर जो कायमचा निघे, त्याचा निरोप व्हायचा. त्यानं मधोमध गुडघे टेकायचे. सगळ्यांनी गोल करायचा, त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवायचे; ज्याचा हात पोचत नसेल त्यानं पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा. मग एकेकानं त्याचं नाव घेऊन एक वाक्य बोलायचं आणि शेवटी काकांनी आशीर्वाद मागायचा. माडी उतरताना गडी डोळे पुसत उतरायचा. अशी कितीतरी माणसं काकांनी वाटेला लावली. कुणीतरी चेष्टेनं विचारायचं, "काका, तुमचा निरोप कोण करणार?" काका म्हणायचे, "हा राजन हाय की. त्याचा आवाज देवाला बहिरेपण आलं तरी ऐकू जाईल."

राजन छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मी करणार काका. शब्द आहे माझा."

मग राजननं मोबाइलवर चर्चवाढीचा एक कोर्स केला, आणि तिथून घात झाला.

कोर्सवाल्या साहेबांचं म्हणणं, मंडळी म्हणजे झाड. वाढत नसेल तर मेलंय असं समजा. राजन आठवडाभर हेच बोलत होता. व्हिजन काय, आउटरीच काय, फॉलोअप काय! जेवताना पद्मजाला म्हणाला, "बायबलात बघ, पेत्रानं एका दिवसात तीन हजार माणसं मिळवली. आणि आपण? एवढ्या वर्षांत पंधरा!"

"कोथिंबीरसुद्धा झाडच आहे," पद्मजा म्हणाली. "तिचा वड व्हावा असं कुणी म्हणत नाही."

"तुला व्हिजन नाही."

"मला ड्युटी आहे," म्हणून ती उठली.

व्हिजनला पाय फुटले ते सर्फराजमुळे. सर्फराज औरंगाबादचा, मेस चालवणारा, आणि त्याच्या हातचा नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, असा की माणसानं ताटालाच दंडवत घालावा. एकदा वर्धापनदिनाच्या प्रीतिभोजनाला राजननं त्याच्याकडून खलिया मागवला. बातमी फुटली. त्या शुक्रवारी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती! मराठवाड्यातले होते, पुण्या-नाशिकचे तेल कंपन्यांतले इंजिनिअर होते, कुणाचे मेहुणे, कुणाचे रूममेट. ज्यांनी उभ्या जन्मात चर्चचं दार पाहिलं नव्हतं ते जिन्यात उभं राहून गाण्याला टाळ्या देत होते. राजनचे डोळे भरून आले. त्यानं ठरवून टाकलं, प्रीतिभोजन दर शुक्रवारी.

"पेत्रानं जेवण घातलं नव्हतं," पद्मजा म्हणाली.

"त्याच्याकडे सर्फराज नव्हता," राजन म्हणाला.

वाढली मंडळी, तट्ट वाढली. खर्च राजन आणि दोन-चार जुनी माणसं वाटून घ्यायची, कुरकुरायची, पण गर्दी बघून गप्प बसायची. आलेली माणसं बरोबर उपदेशाच्या शेवटाला यायची आणि ताट धुवायच्या आत जायची. तरी राजन खूश. फोटोत कुणी कधी आला ते कुठं दिसतं?

त्यांतलाच एक, शहराबाहेर एगैला भागात राहणारा इंजिनिअर. पुण्याचा, चष्मेवाला, पस्तिशीचा, मान खाली घालून बोलणारा. हा मात्र सुरुवातीपासून येऊन कोपऱ्यात बसायचा. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं तेव्हा ओशाळून म्हणाला होता, "घरी चालत नाही हो. बायको मटण घरात येऊ देत नाही." झालं, तेव्हापासून सगळी मंडळी त्याला त्यावरून चिडवायची. जाताना तो सर्फराजकडून एक डबाही भरून घ्यायचा. राजननं तर माईकवरून कोटी केली होती, "काही लोक देवाच्या शोधात येतात, काही खलियाच्या. देव दोघांनाही पदरात घेतो!" हशा पिकला. इंजिनिअरही हसला, चष्मा पुसत.

काकांना या सगळ्याचं वावडं नव्हतं. उलट खलिया दोनदा घ्यायचे. पण गर्दी वाढली तशी त्यांची प्रार्थना लांबायला लागली, कारण नव्या माणसांची नावं विचारत ते रांगेतून फिरायचे. "तुहं नाव काय बाबा? गाव कोणतं?" लोक ताटाकडे बघत उत्तर द्यायचे. एका शुक्रवारी नावं संपेपर्यंत खलियावर साय धरली. तेव्हा राजननं काकांना बाजूला घेतलं.

"काका, आता आपली मंडळी मोठी झालीय. नावं घेत बसलो तर जमत नाही. मी एकत्रच करत जाईन, सर्वांसाठी."

"सर्वांसाठी म्हंजे कोणासाठी?" काकांनी विचारलं.

"सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी, काका."

काका बरं म्हणाले. त्यानंतर ते खुर्च्या मांडायचे आणि गप्प बसायचे. राजनला जरा टोचलं, पण वेळेची बचत इतकी झाली की टोचणी विरघळली.

अशात खालच्या मजल्यावरचा मधला हॉल रिकामा झाला. ज्या मंडळीकडे होता तिची बरीच माणसं मायदेशी परतली होती. आवाराच्या समितीचे वर्गीस साहेब म्हणाले, हॉल मराठी मंडळीला देऊ; अट एकच, शंभर माणसं दिसली पाहिजेत. एका शुक्रवारी हॉल वापरून दाखवा, मी स्वतः येऊन डोकी मोजतो. राजनला त्या रात्री झोप नाही. हॉलला मंच होता, पडदा होता, खुर्च्यांना गाद्या होत्या, आणि शेवटची रांग इतकी लांब होती की तिथला माणूस ओळखूसुद्धा येऊ नये. नगरला डिसेंबरात ख्रिस्ती मेळावा भरायचा, तिथं राजनला या हॉलचा व्हिडिओ दाखवायचा होता. ज्या गावात त्याचे वडील सायकलवरून खेडोपाडी फिरून पाच-सात घरांच्या मंडळ्या सांभाळत म्हातारे झाले, त्या गावानं उजागऱ्यांचा मुलगा काय करतोय ते एकदा बघावं, एवढीच त्याची इच्छा. इच्छा काही पाप नव्हे.

आणि नेमके तेव्हाच काका आले. साठी कधीच उलटली होती, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढं वाढत नव्हता. "तिकीट काढलं रे राजन. सुक्करवारी संध्याकाळचं इमान हाय. दुपारची उपासना करून थेट जातो. माहा निरोप तेवढा कर."

कोणता शुक्रवार, ते निराळं सांगायला नको. राजन क्षणभर घाबरला, मग त्याच्या डोक्यात दिवा पेटला. "अहो काका, उत्तम! शंभर माणसं तुमच्यावर हात ठेवतील. असा निरोप या आवारात कुणाचा झाला नसेल!" काकांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. आणि राजननं मनात हिशेब केला, काका धरून डोकं एक वाढलं.

शुक्रवार उजाडला. काका ठेवणीतला करडा सफारी घालून आले होते, डोक्यावर टोपी, हातात दोरीनं बांधलेली बॅग. ती त्यांनी मंचाखाली सरकवली आणि सवयीनं खुर्च्या मांडायला गेले. पण हॉलच्या खुर्च्या जमिनीला जोडलेल्या होत्या. मग ते नुसतेच पहिल्या रांगेत जाऊन बसले. नीरजानं मोबाइल ट्रायपॉडवर लावला, "डोन्ट टच इट, पप्पा," म्हणाली आणि मैत्रिणींत जाऊन बसली.

माणसं आली. राजननं ग्रुपवर खलियाबरोबर गुलाबजामही लिहिले होते, मग काय विचारता! साडेअकराला हॉल भरत आला. राजन मंचावर चढला आणि त्यानं असा उपदेश झोडला की शेजारच्या तमिळांनी दारातून डोकावून पाहिलं. विषय होता हरवलेलं मेंढरू.

पण सर्फराजला दुपारच्या नमाजाला जायचं होतं. म्हणून त्यानं खलियाच्या मोठाल्या देगा आधीच आणून व्हरांड्यात ठेवल्या आणि वाफ कोंडू नये म्हणून झाकणं किंचित सरकवून तो मशिदीकडे गेला. एसीनं तो वास उचलला आणि अख्ख्या हॉलभर वाटला. राजन मेंढराला शोधायला डोंगरावर चढला होता. माणसांच्या नजरा व्हरांड्यावर. शेवटची रांग उठली. तिच्या पुढची चुळबुळली. आणि वर्गीस साहेबांचा पत्ता नाही! ते आधी दुसऱ्या दोन मंडळ्या मोजत होते.

उपदेश संपला. आता निरोप. काका उठून मंचापुढं मधोमध येऊन उभेही राहिले. राजननं समोर पाहिलं. निरोप म्हणजे अर्धा तास. यांतल्या निम्म्यांना काका कोण हेही ठाऊक नाही. वैतागून वाढून घेतील, खातील आणि जातील, आणि वर्गीस येतील तेव्हा मोजायला उरतील त्या रात्रपाळीच्या नर्सा. त्यानं माईक तोंडाजवळ घेतला.

"प्रियांनो, जगूकाकांचा निरोप आपण जेवणानंतर निवांत करू या. कुणीही जाऊ नका. भोजनासाठी बाहेर चला."

वाक्य पुरं व्हायच्या आत हॉल रिकामा. पद्मजा उठली होती काहीतरी बोलायला, पण तेवढ्यात तिला वाढायला कुणीतरी ओढून नेलं. राजन मंच उतरून काकांजवळ आला. "काका, दहा मिनिटं. इथंच थांबा, हलू नका."

"थांबतो की," काका म्हणाले. "माहं इमान काय पळून चाललंय?"

वर्गीस साहेब व्हरांड्यात उगवले. राजन त्यांना देगेपाशी घेऊन गेला, रांगेतून फिरवलं, पोरंबाळं दाखवली, खलिया वाढला, वर रस्सा वाढला. साहेबांनी बोटानं मोजलं. शंभर भरले, वर चार उरले. त्यांत सर्फराजची वाढपी पोरं मोजली गेली, पण ती काय देवाची लेकरं नव्हेत? साहेब म्हणाले, "हॉल तुमचा." राजननं त्यांच्याबरोबर फोटो काढला, मग मंडळीच्या जुन्या माणसांबरोबर, मग देगेबरोबर. एकेकाशी हात मिळवता मिळवता कधी दोन वाजले ते त्याला कळलं नाही. परत हॉलमध्ये आला तेव्हा तेलुगू मंडळीची पोरं मंचावर ड्रम जोडत होती. काका नव्हते. बॅग नव्हती. फोन लावला तर बंद.

राजनला वाईट वाटलं. खरंच वाटलं, अगदी पार्किंगपर्यंत. तिथं पहिला अभिनंदनाचा फोन आला.

घरी पद्मजानं विचारलं, "काकांना विमानतळावर कुणी सोडलं?"

"गेले असतील कुणाबरोबर. माणसं काय कमी होती?"

ती काही बोलली नाही. पद्मजा बोलते तेव्हा राजनला भीती वाटत नाही. ती गप्प बसते तेव्हा वाटते.

शनिवारी संध्याकाळी राजन नगरला पाठवायचा व्हिडिओ कापायला बसला. भरलेला हॉल, वा! आवाज, वा वा! उपदेशात मधेच माणसं उठून जाताना दिसत होती, तेवढं कापलं. शेवटाला आला आणि बघतो तर व्हिडिओ संपतच नव्हता. नीरजाचा मोबाइल चालूच राहिला होता. रिकामा हॉल, आणि पुढं मधोमध काका.

काका उभे होते. दाराकडे बघत होते. बराच वेळ नुसते उभे. मागून एक माणूस ताट घेऊन आला, बसून जेवला, ताट खुर्चीवर ठेवून गेला. काकांनी घड्याळ पाहिलं. मग टोपी काढली, खुर्चीचा हात धरून, कण्हत, ते दोन्ही गेलेले गुडघे त्यांनी जमिनीला टेकवले आणि मान खाली घातली. रीतीप्रमाणे. आता हात यायचे बाकी होते.

राजनला ते बघवेना, पण थांबवताही येईना. पद्मजा कधी मागं येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

कोपऱ्याच्या दारातून एगैलाचा इंजिनिअर आला. हातात भरलेला डबा. बाहेर जायची वाट शोधत होता बहुतेक. काकांना बघून थबकला. आवाज बारीक येत होता, पण येत होता.

"काका, काही हरवलंय का? उठवू का तुम्हाला?"

"न्हाई. हात ठेवायचा असतो, बाबा."

"कुठं?"

"डोक्यावर. मी चाललो कायमचा."

"माझा हात खरकटा आहे हो."

"डावा ठेव."

त्यानं डबा खाली ठेवला आणि डावा हात काकांच्या टकलावर ठेवला, विस्तवावर ठेवावा तसा बिचकत.

"काहीतरी बोल," काका म्हणाले.

"मला प्रार्थना वगैरे येत नाही, काका."

"नाव घे नुसतं. तेवढं पुरतं."

इंजिनिअर घुटमळला. मग म्हणाला, "तुमचं नाव काय?"

"जगन्नाथ."

"जगन्नाथकाका," इंजिनिअर म्हणाला, "नीट जा."

एवढाच निरोप. मग काकांनी तिथंच, त्या हाताखाली, आपली प्रार्थना म्हटली. माडीवरच्या जुन्या माणसांची एकूणएक नावं घेतली, राजनचं पहिलं. त्याला हॉल मिळू दे म्हणाले, त्याचं बीपी सांभाळ म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "बाकीच्यांची नावं मला कोणी विचारू दिली न्हाईत, प्रभू. तुला ठाव असतील." इंजिनिअरनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, बॅग उचलली, आणि दोघं बाहेर गेले. पडद्यावर उरल्या रिकाम्या खुर्च्या आणि एक खरकटं ताट.

राजन रडला. मोठ्या आवाजाचा माणूस रडतोही मोठ्यानं; नीरजा आपल्या खोलीतून धावत आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "पप्पा, काय झालं?"

पद्मजानं पाणी आणून दिलं. "रडून झालं असेल तर जालन्याला फोन लावा," म्हणाली.

फोन लागला. पलीकडे कुत्री भुंकत होती, कुणीतरी भांडी घासत होतं. काकांचा आवाज खणखणीत.

"काका, सलाम. काका, मी चुकलो. मी शब्द दिला होता तुम्हाला. मी..."

"अरं, जाऊ दे की. निरोप झाला माहा. चांगला झाला. हॉल भेटला का?"

"भेटला."

"भेटणारच. मी मागितला होता." काका हसले, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तू स्वानंदकडं जाऊन आलास का?"

"कोण स्वानंद?"

पलीकडे भांड्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"तुह्या मंडळीतला, राजन. चष्मेवाला. त्यानंच मला इमानतळावर सोडलं. गाडीत लई रडलं रे ते लेकरू. त्याची बायको, नेहा, पुण्याला निघून गेली, कायमची. मागच्या उन्हाळ्यापासून घरात एकटाच हाय. मराठी माणसांत बसाया मिळतं म्हणून येत होता तुह्याकडं."

"पण तो तर म्हणायचा, बायको मटण घरात येऊ देत नाही म्हणून..."

"अन् डबा कुठं नेत होता मग?"

दर शुक्रवारी तो डबा राजनच्या डोळ्यांदेखत भरला जात होता. दर शुक्रवारी त्यानं ते डोकं मोजलं होतं.

"जातो काका," तो म्हणाला. "आत्ता जातो. एगैलात कुठं राहतो तो?"

"ते मला कसं ठाव असणार, बाबा?" काका म्हणाले. "मी जालन्यात बसलोय. कुवेतात तू हाईस."